सीआरपी नॉर्मल, तरी लिव्हरला सूज कशी? हिपॅटायटिस सी मधले दाहाचे आणि हार्मोनचे रिपोर्ट कसे वाचावेत

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमचे यजमान 54 वर्षांचे आहेत. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा हिपॅटायटिस सी निघाला. 1998 साली अपघातानंतर त्यांना रक्त चढवलं होतं. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) साडेआठ लाख, लिव्हरची एन्झाइम्स एसजीपीटी 64 आणि एसजीओटी 60, प्लेटलेट 1 लाख 35 हजार. बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन ठीक. मग कुणीतरी सुचवलं म्हणून तुम्ही लॅबचं मोठं पॅकेज केलंत. त्यात सीआरपी (दाह दाखवणारं प्रथिन) नॉर्मल, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) 620, संधिवातासाठी बघतात तो आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, थायरॉईडचं टी-फोर वाढलेलं पण थायरॉईडला हुकूम देणारं टीएसएच नॉर्मल, टेस्टोस्टेरॉन नॉर्मलच्या आत, उपाशीपोटी साखर 108 आणि इन्सुलिन 15 आलं. तुम्ही विचारताय: सीआरपी नॉर्मल असताना डॉक्टर लिव्हरला सूज आहे असं का म्हणतात? सांध्यांच्या, थायरॉईडच्या, रक्ताच्या अशा तीन डॉक्टरांकडे वेगवेगळं जायचं का? आणि टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आहे तर इतका थकवा, चिडचिड आणि "बाकीचं तुम्ही समजून घ्या" असं जे तुम्ही लिहिलंत, ते कशामुळे?

सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रक्तातले हे जे पदार्थ मोजलेत, त्यातल्या बऱ्याच पदार्थांचा लिव्हरशी थेट संबंध आहे. सीआरपी लिव्हरमध्ये बनतं. लोहाचा मोठा साठा लिव्हरमध्ये असतो. थायरॉईडचं हार्मोन आणि टेस्टोस्टेरॉन ज्या प्रथिनांवर बसून रक्तातून फिरतात, ती प्रथिनं लिव्हर बनवतं. इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होतं, पण त्यातलं जवळजवळ निम्मं पहिल्याच फेरीत लिव्हर काढून घेतं. प्लेटलेट बनवण्याचा निरोप हाडांच्या मगजापर्यंत नेणारा थ्रॉम्बोपोएटिन नावाचा हार्मोनसुद्धा मुख्यतः लिव्हरमधूनच निघतो. म्हणजे आजारी आहे ते लिव्हर, आणि आजाराची मापंही पुरवतंय तेच. जखमी माणसाकडूनच पंचनामा लिहून घेण्यासारखं आहे हे. त्यात लिहिलेलं खोटं नसतं, पण ते कुठल्या अवस्थेत लिहिलंय हे वाचणाऱ्याने विसरून चालत नाही.

आता 'सूज' या शब्दाबद्दल. डॉक्टर "लिव्हरला सूज आहे" म्हणतात आणि घरच्यांच्या डोळ्यांसमोर मुरगळलेला पाय येतो. म्हणून लोक सोनोग्राफीत लिव्हर मोठं दिसत नाही तर सूज कुठली, असं विचारतात. इथे सूज म्हणजे दाह. हिपॅटायटिस सीचा विषाणू लिव्हरच्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढत बसतो, पण पेशी फोडण्याचं काम बहुतांशी तो करत नाही. ते काम आपलीच प्रतिकारशक्ती करते. विषाणू असलेली पेशी ओळखून पांढऱ्या पेशी तिच्यावर तुटून पडतात, पेशी मरते आणि तिच्या आतलं एसजीपीटी रक्तात सांडतं. लिव्हरमधल्या पहारेकरी पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-6 असे रासायनिक निरोप सोडतात. ते ऐकून, एरवी जीवनसत्त्व अ साठवून शांत बसणाऱ्या तारकाकृती पेशी जाग्या होतात आणि जखम भरायला धागे विणू लागतात. जखम रोजची, म्हणून विणणंही रोजचं. दहा, वीस, तीस वर्षं हे चालू राहतं आणि माणसाला काही कळत नाही. 20 वर्षांच्या आसपास शंभरातल्या 15 ते 30 जणांचं लिव्हर त्या धाग्यांनी घट्ट होऊन सिरॉसिसपर्यंत जातं. दारू, लठ्ठपणा, मधुमेह सोबतीला असले तर त्याहून लवकर.

तुमच्या यजमानांना 1998 मध्ये रक्त चढवलं गेलं. हा विषाणू ओळखला गेला 1989 साली, आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांमध्ये प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची झाली 2001 मध्ये. त्याआधी रक्त घेतलेल्या, डायलिसिसवर असलेल्या, थॅलेसेमियाच्या आणि उकळून पुन्हा वापरलेल्या काचेच्या सिरिंजने इंजेक्शनं घेतलेल्या कितीतरी माणसांच्या अंगात तो आजही मुकाट बसलेला आहे. यात तुमच्या यजमानांचा काडीचाही दोष नाही. त्यांना हे तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे.

सीआरपीकडे वळू. ते वाढतं मुख्यतः इंटरल्युकिन-6 चा जोरदार निरोप लिव्हरला मिळाला की. जिवाणूंचा न्यूमोनिया झाला, पोटात पू झाला, तर तो निरोप असा मोठ्याने येतो की सीआरपी दोन दिवसांत शंभरीच्या पुढे जातं. हिपॅटायटिस सीचा दाह म्हणजे राखेखालचा निखारा. त्याला ज्वाळा नसतात. त्यातून विषाणूशी लढताना लिव्हरमध्ये जे इंटरफेरॉनचे संदेश फिरत असतात, ते सीआरपी बनवण्याला उलट लगाम घालतात. म्हणून लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं दाह धुमसत असताना सीआरपी नॉर्मल येणं ही नेहमीची गोष्ट आहे. तुमच्या रिपोर्टवरून एवढंच कळतं की सध्या मोठा जिवाणूसंसर्ग दिसत नाही. लिव्हर सुरक्षित आहे असं त्यावरून म्हणता येत नाही. उलट बाजूही सांगतो, कारण ती जिवाशी येते: सिरॉसिस होऊन पोटात पाणी झालेल्या रुग्णाचं लिव्हर थकलेलं असतं, त्याला सीआरपी पुरेसं बनवता येत नाही. अशा रुग्णाचं सीआरपी थोडंसंच वाढलेलं असलं तरी आम्ही पोटातलं पाणी काढून तपासतो. "थोडंच आहे" म्हणून थांबत नाही.

ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, त्यावर तर या आजारात मी अजिबात विसंबत नाही. ते फायब्रिनोजेनवर, रक्तातल्या अँटिबॉडींवर, हिमोग्लोबिनवर अवलंबून असतं आणि लिव्हरच्या आजारात ही तिन्ही आपापल्या दिशेने सरकतात.

मग दाह मोजायचा कशाने? सगळ्यात साधं माप एसजीपीटी, पण त्यालाही मर्यादा आहेत. लॅबच्या कागदावर 40 किंवा 50 पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं. यकृततज्ज्ञ पुरुषात साधारण 33 आणि बाईत 25 च्या वर गेलं की लक्ष घालतात. जुन्या हिपॅटायटिस सीच्या चौघांतल्या एकाचं एसजीपीटी तर कायम नॉर्मल असतं आणि तरी त्यांच्यातल्या काहींचं लिव्हर आतून घट्ट होत असतं. व्हायरल लोडचंही तसंच. साडेआठ लाख हा आकडा बघून तुम्ही घाबरलात, ते मी समजू शकतो. पण व्हायरल लोड म्हणजे लिव्हरचं नुकसान नव्हे. दोन लाखवाल्याला सिरॉसिस असू शकतो आणि पन्नास लाखवाल्याचं लिव्हर मऊ असू शकतं. विषाणू आत्ता आहे की नाही, एवढंच सांगण्यासाठी ती तपासणी आहे.

खरं कामाचं गणित तुमच्याच कागदावर पडलेलं आहे, त्याला वेगळं पॅकेज लागत नाही. वयाला एसजीओटीने गुणायचं: 54 गुणिले 60, म्हणजे 3240. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे 135, आणि त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. 64 चं वर्गमूळ 8, गुणाकार 1080. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की 3.0 येतात. याला फिब-फोर म्हणतात. 1.45 च्या खाली असेल तर घट्टपणा पुढच्या पायरीचा असण्याची शक्यता कमी, 3.25 च्या वर असेल तर बरीच. तुमचे यजमान मधल्या पट्ट्यात आहेत, पण वरच्या टोकाला टेकलेले. म्हणून त्यांचा फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा घट्टपणा किलोपास्कलमध्ये मोजणारी तपासणी, व्हायलाच हवा. तीन तास उपाशीपोटी करायचा, जेवून केला तर आकडा वाढून येतो. हिपॅटायटिस सीमध्ये साडेबारा किलोपास्कलच्या वर गेलं की आम्ही सिरॉसिस धरून चालतो. दाह जास्त असला तरी हा आकडा थोडा फुगतो, हेही लक्षात असू द्या.

आणि त्या 1 लाख 35 हजार प्लेटलेटकडे "थोड्याशाच कमी" म्हणून कुणी दुर्लक्ष करू नये. मला तुमच्या सगळ्या कागदांत हाच आकडा सर्वात बोलका वाटला. लिव्हर घट्ट झालं की रक्त अडतं, प्लीहा मोठी होऊन प्लेटलेट अडकवून ठेवते, आणि थ्रॉम्बोपोएटिनही कमी पडतं. डेंग्यू नसताना, वर्षभर प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आहेत आणि कुणी लिव्हर तपासलेलं नाही, असे रुग्ण मी फार पाहिले.

तुम्ही इंटरनेटवर इंटरल्युकिन-6, टीएनएफ, आयपी-10 यांच्याबद्दल वाचलंत आणि ती तपासणी करायची का असं विचारलंत. करू नका. ते संशोधन खोटं नाही. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांच्या गटात या रेणूंची सरासरी निरोग्यांपेक्षा जास्त निघते आणि आजार कसा पुढे सरकतो हे त्यातूनच समजत गेलं. पण गटाची सरासरी वेगळी आणि एका माणसाच्या एका सकाळचा आकडा वेगळा. त्या आकड्याने उपचारात एका गोळीचाही फरक पडत नाही. आयपी-10 ला एके काळी महत्त्व होतं. तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं 48 आठवड्यांपर्यंत द्यावी लागत, ताप, अंगदुखी, उदासी सोसूनही विषाणूच्या जनुकप्रकार 1 चे निम्म्याच्या आसपासच रुग्ण बरे होत. आयपी-10 जास्त असलेल्यांना ते औषध लागू पडण्याची आशा कमी असे. आजच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. आधी अंदाज बांधायची गरजच उरलेली नाही.

फेरिटिन 620 पाहून लॅबमधल्या माणसाने "अंगात लोह जास्त झालंय, रक्त काढावं लागेल" असं सांगितलं म्हणता. इथे एका फार सुंदर हार्मोनची ओळख करून द्यायला हवी: हेप्सिडिन. तोही लिव्हरच बनवतं. आतड्यातून किती लोह आत घ्यायचं, या दारावरचा तो द्वारपाल. दाह झाला की एरवी हेप्सिडिन वाढतं आणि दार बंद होतं. हिपॅटायटिस सीचा विषाणू मात्र त्याला दाबून ठेवतो, त्यामुळे दार उघडं राहतं आणि लोह हळूहळू लिव्हरमध्ये साठत जातं. शिवाय पेशी फुटल्या की त्यांच्यातलं फेरिटिन रक्तात येतंच. विषाणू गेला की बहुतेकांचं फेरिटिन आपोआप उतरतं. आत्ता फक्त दोन गोष्टी करा: ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहणारं प्रथिन किती भरलंय ते) पाहून घ्या आणि घरात अशक्तपणासाठी आणलेलं लोहाचं टॉनिक असेल तर ते बंद करा.

आरए फॅक्टरवर जरा थांबतो, कारण इथे चूक झाली तर तिची किंमत मोठी असते. विषाणू वर्षानुवर्षं रक्तात असल्याने अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना सतत डिवचलं जातं. त्या अशी प्रथिनं बनवू लागतात जी थंडीत गोठतात आणि अंगाच्या उष्णतेला पुन्हा विरघळतात. त्यांना क्रायोग्लोब्युलिन म्हणतात. त्यातलाच एक घटक आरए फॅक्टरच्या तपासणीत पॉझिटिव्ह दाखवतो. त्यात हिपॅटायटिस सीच्या रुग्णांचे सांधेही दुखतात. दुखणारे सांधे आणि पॉझिटिव्ह आरए फॅक्टर, म्हणजे संधिवात, असं गणित मांडून मेथोट्रेक्सेट सुरू केलेली एक शिक्षिका माझ्याकडे आली होती. मेथोट्रेक्सेट लिव्हरला जड जाणारं औषध. हिपॅटायटिस सीची तपासणी तिची कुणी केलीच नव्हती. तेव्हापासून नव्याने आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाचा अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सीविरुद्धची अँटिबॉडी) मी बघतोच. तुमच्या यजमानांचं अँटी-सीसीपी (संधिवाताची जास्त नेमकी तपासणी) करा. ते निगेटिव्ह असेल आणि सांधे सुजलेले नसतील तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे धावायची गरज नाही. मात्र नडगीवर जांभळे ठिपके, तळपायांना मुंग्या, लघवीला फेस यातलं काही असेल तर मला ते महत्त्वाचं आहे. मग लघवीतलं प्रथिन, सी-फोर (रक्तातलं प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन) आणि क्रायोग्लोब्युलिन तपासावं लागेल. क्रायोग्लोब्युलिनचा नमुना काढल्यापासून सीरम वेगळं होईपर्यंत 37 अंशांवर ठेवावा लागतो. थंड डब्यात घालून मुंबईला पाठवला, तर ती प्रथिनं वाटेतच गुठळीबरोबर खाली बसतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. लॅबला हे आधी विचारा.

थायरॉईड. टी-फोर रक्तात मोकळं फार थोडं फिरतं. बहुतेक सगळं टीबीजी नावाच्या प्रथिनावर बसून जातं. लिव्हरला दाह असला की टीबीजी वाढतं. गाड्या वाढल्या की रस्त्यावर माणसं जास्त दिसतात, पण गाडीतून उतरून कामाला लागणारी माणसं तेवढीच असतात. तुमच्या कागदावर जे टी-फोर वाढलेलं आहे ते एकूण टी-फोर. टीएसएच नॉर्मल आहे, म्हणजे मेंदूखालची ग्रंथी समाधानी आहे. फ्री टी-फोर एकदा करा, ते नॉर्मल येईल असा माझा कयास आहे. आणि तसं आलं तर थायरॉईडची गोळी नको. नुसतं एकूण टी-फोर बघून थायरॉईड दाबणारं कार्बिमाझोल दिलेलं मी पाहिलंय आणि तेही औषध लिव्हरला त्रास देऊ शकतं. खरा थायरॉईडचा आजार या रुग्णांत होत नाही असं नाही. थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडी आणि हायपोथायरॉईड हिपॅटायटिस सीमध्ये जास्त दिसतात, विशेषतः बायकांमध्ये, आणि इंटरफेरॉनच्या काळात तर आम्ही दर 12 आठवड्यांनी टीएसएच बघायचो. आत्ताच्या गोळ्यांचा थायरॉईडशी तसा झगडा नाही. एक छोटी गोष्ट: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी दोन-तीन दिवस थांबवा. त्या काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दाखवतात.

आता तुम्ही जे अर्धंच लिहिलंत त्याबद्दल. ताई, या विषयावर लोक दवाखान्यात बोलत नाहीत. नवरा बोलत नाही, बायको दाराशी थांबते आणि निघताना हळूच एक वाक्य सांगते. ते वाक्य आम्हाला फार कामाचं असतं, म्हणून तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. टेस्टोस्टेरॉनही एका प्रथिनावर बसून फिरतं, एसएचबीजी त्याचं नाव. हिपॅटायटिस सीमध्ये हे प्रथिन वाढतं, सिरॉसिस व्हायच्या आधीपासूनच. त्याच्यावर घट्ट बसलेलं टेस्टोस्टेरॉन शरीराच्या कामाचं नसतं. त्यामुळे एकूण आकडा नॉर्मलच्या आत आणि कामाला येणारं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी, अशी स्थिती होऊ शकते. लिव्हर पुढे जाऊन घट्ट झालं की आणखी दोन गोष्टी घडतात. मेंदूकडून वृषणांना जाणारा निरोप मंदावतो आणि पुरुषी हार्मोनचं स्त्री हार्मोनमध्ये रूपांतर वाढतं. त्यातून इच्छा कमी होणं, दाढीची वाढ मंदावणं, छातीला गाठीसारखं दुखरं वाटणं, तळहात लाल होणं, छातीवर कोळ्याच्या जाळीसारख्या लाल रेषा दिसणं, मांड्या-दंड बारीक होणं हे सगळं येतं. पोटातल्या पाण्यासाठी दिलेली स्पायरोनोलॅक्टोनची गोळीही छाती दुखवू शकते. पुरुषाला याची लाज वाटते. तो शर्ट काढायला तयार नसतो. म्हणून मी स्वतःहून विचारतो, आणि "हे लिव्हरमुळे आहे, तुमच्या पुरुषपणात काही कमी झालेलं नाही" हे समोर बसून सांगतो.

तपासायचं असेल तर सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, टेस्टोस्टेरॉनसोबत एसएचबीजी आणि अल्ब्युमिन करा. त्यावरून मोकळं टेस्टोस्टेरॉन काढता येतं. पण टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन लगेच घेऊ नका. आधी विषाणू जाऊ द्या. एसएचबीजी उतरतं, झोप सुधारते, दाहाच्या निरोपांनी जो मेंदूलाही थकवा आलेला असतो तो बऱ्याच जणांचा कमी होतो. सगळ्यांचा पूर्ण जात नाही, हेही खरं. सहा महिन्यांनी पुन्हा मोजून मग ठरवू.

बायकांच्या बाबतीत उलटं चित्र आहे. इस्ट्रोजेन त्या धागे विणणाऱ्या पेशींना आवर घालतं, म्हणून पाळी चालू असेपर्यंत बाईचं लिव्हर पुरुषापेक्षा हळू घट्ट होतं. पाळी गेल्यावर तो आवर सुटतो. पन्नाशीनंतरच्या बाईला "तुमचं एसजीपीटी तर थोडंच आहे" म्हणून उपचार पुढे ढकलणं मला मुळीच मान्य नाही.

साखर 108 आणि इन्सुलिन 15. गुणाकार करून 405 ने भागला की 4.0 येतात. म्हणजे इन्सुलिन आहे, पण शरीर त्याचं ऐकत नाहीये. हिपॅटायटिस सीचा विषाणू स्वतःच हे करतो. त्याचं एक प्रथिन पेशीच्या आत इन्सुलिनचा निरोप पोचवणारी साखळी तोडतं आणि टीएनएफ त्यात भर घालतं. म्हणून या रुग्णांत मधुमेह जास्त दिसतो. आपल्याकडे सर्वात जास्त आढळणारा जनुकप्रकार 3 लिव्हरमध्ये चरबीही साठवतो, तेही दुबळ्या माणसात. यात एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) वर आंधळा भरवसा नको. काही प्रकारचा रक्तक्षय किंवा मोठी प्लीहा असली की ते खोटं कमी येतं. ज्यांचा मधुमेह आधीपासून आहे आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी हिपॅटायटिस सीच्या गोळ्या सुरू झाल्यावर घरी साखर मोजत राहावी. विषाणू उतरायला लागला की साखरही उतरते आणि जुनाच डोस जास्त होऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते.

अल्डोस्टेरॉन, व्हॅसोप्रेसिन, कॉर्टिसोल ही नावंही तुम्ही लिहिली आहेत. ती पोटात पाणी झाल्यानंतरची गोष्ट. शरीराला वाटतं रक्त कमी पडतंय, म्हणून अल्डोस्टेरॉन मीठ धरून ठेवतं, व्हॅसोप्रेसिन पाणी धरून ठेवतं, आणि पोट वाढत असताना रक्तातलं सोडियम मात्र घसरतं. तुमच्या यजमानांवर ती वेळ आलेली नाही. त्या तपासण्यांवर पैसे घालवू नका.

उपचाराचं सांगतो. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात व्हायरल लोड आणि औषधं सरकारी उपचार केंद्रांवर मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर 12 आठवडे. सिरॉसिस असून लिव्हर काम सांभाळून असेल तर सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर 12 आठवडे. म्हणून सुरू करण्याआधी फायब्रोस्कॅन. त्याचबरोबर एचबीएसएजी तपासलेलं असायलाच हवं, कारण हिपॅटायटिस बी सोबत असेल तर सी गेल्यावर तो उसळू शकतो. फिट्सची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, टीबीची रिफाम्पिसिन, हृदयाची अमिओडॅरोन, यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. वेल्पाटासव्हिर दिलं तर ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी मनाने घ्यायची नाही, तिच्याने औषध नीट शोषलं जात नाही.

गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी व्हायरल लोड करायचा. तो सापडला नाही की विषाणू गेला. अँटी-एचसीव्ही मात्र आयुष्यभर पॉझिटिव्ह राहील. पुढे कुणी कागद पाहून "अजून आहे" म्हणालं तर घाबरू नका, व्हायरल लोडचा रिपोर्ट दाखवा. एसजीपीटी चटकन उतरेल. समजा एसजीओटी 30 आणि एसजीपीटी 25 झालं, प्लेटलेट तेवढ्याच राहिल्या, तर नव्या वयाचा फरक सोडून फिब-फोर 3.0 वरून 2.4 वर येईल. इथे फसू नका. ते दाह विझल्यामुळे उतरलंय, धागे विरले म्हणून नाही. धागे विरायला वर्षं लागतात आणि सगळेच विरत नाहीत. कोलेस्टेरॉल मात्र वाढलेलं दिसेल. विषाणू ते दाबून ठेवत होता, आता खरा आकडा वर येतो. आणि उपचाराआधीच्या फायब्रोस्कॅनमध्ये सिरॉसिस निघाला असेल, तर विषाणू गेल्यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची, कारण लिव्हरच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. "बरा झालो" म्हणून तपासणी सोडून दिलेले आणि चार वर्षांनी मोठी गाठ घेऊन आलेले रुग्ण माझ्या मनातून जात नाहीत.

तोवर दारू पूर्ण बंद, एक घोटही नाही. आणि लिव्हर साफ करणारी म्हणून मिळणारी चूर्णं, काढे नकोत. गुळवेलीबद्दल तुम्ही विचारलंत. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. प्रतिकारशक्ती उलटून लिव्हरवरच चालून गेल्यासारखी ती इजा होती. ज्या लिव्हरमध्ये तशीच लढाई आधीपासून चालू आहे, तिथे मी ती देणार नाही. दोन कप कॉफी मात्र खुशाल प्यावी, तिचा लिव्हरला फायदाच होतो.

एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, भांडी एकत्र धुतल्याने हा आजार पसरत नाही. त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवलं असेल तर आजच पुन्हा एकत्र करा. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर. तुमची स्वतःची अँटी-एचसीव्ही अजून झालेली नसेल तर या आठवड्यात करून घ्या. फायब्रोस्कॅन, फ्री टी-फोर, अँटी-सीसीपी, एचबीएसएजी, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि लघवीची तपासणी एवढेच सहा कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, आणि हर्नियाचं ऑपरेशन निकडीचं नसेल तर फायब्रोस्कॅनचा आकडा हातात येईपर्यंत थांबवायला सांगा. मध्येच काळी शी, रक्ताची उलटी, बरळणं किंवा एकाएकी पोट फुगणं दिसलं तर मात्र वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.